‘आपण’ लिहिता तेव्हा मीही त्या गटात असतो

ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांचे सर्व ॲडमिन यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र असे सुरू करायचे, हे मला तुर्भ्याच्या महापालिका शाळेत बाईंनी शिकवले. त्याआधीची आठ वर्षे मी मुबारकपुरात होतो. उत्तर प्रदेशात, आझमगढ जिल्ह्यात. गाव विणकरांचे. माझे आजोबा आणि वडील हातमागावर बनारसी साड्या विणत. यंत्रमागाचा माल स्वस्तात येऊ लागला, हातमागाच्या मजुरीत घर चालेना, तेव्हा वडील आधी भिवंडीला आले. तिथल्या लूमवर काही वर्षे काढली, कानात कायमची घरघर घेऊन बाहेर पडले आणि तुर्भ्यात एका शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसले. २००६ मध्ये आई, बहीण आणि मी आलो. दुकानासमोरच मराठी शाळा होती. उर्दू शाळेत जायला ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडावा लागे आणि आईला त्या रस्त्यावरच्या ट्रकची भीती वाटे. म्हणून मी मराठी शिकलो. दुसरे काही मोठे कारण नव्हते.

आज मी सत्तावीस वर्षांचा आहे. ऐरोलीत एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे काम करतो आणि घणसोलीत भाड्याच्या घरात आईवडिलांसोबत राहतो. वडिलांचे आता स्वतःचे लहानसे दुकान आहे. ते ब्लाउज शिवतात.

‘शालू’ हा शब्द वडिलांना इथे येऊन कळला. एक बाई मुलीच्या लग्नाचा शालू घेऊन आल्या होत्या, त्यावरचा ब्लाउज शिवायचा होता. वडिलांनी पदर उलटा केला, मागचे धागे बोटाने चाचपले आणि म्हणाले, हे आमच्याकडचे काम आहे. बाईंना आधी खरेच वाटेना. महाराष्ट्रातल्या किती नवऱ्या शालू नेसून बोहल्यावर उभ्या राहतात! तो बनारसच्या आणि मुबारकपुरासारख्या गावांच्या घराघरांत विणला जातो आणि विणणारे हात बहुतेक मुसलमान अन्सारींचे असतात, हे त्या बाईंना माहीत नव्हते. आणि आपण ज्यावर दिवसच्या दिवस डोळे फोडले, ती साडी नेसून इकडे मुलगी अंतरपाटामागे उभी राहते, हे वडिलांना माहीत नव्हते. त्या दिवशी ते घरी येऊन आईला पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. त्या बाई अजून आमच्याकडेच येतात, आता नातीचे परकर-पोलके घेऊन.

हे सगळे आधी सांगितले, कारण पुढचे त्याशिवाय समजणार नाही.

गेल्या नवरात्राच्या आठवडाभर आधी, रात्री साडेदहाला आमच्या सोसायटीच्या गटावर एक मजकूर आला. दुहेरी बाणाचा, म्हणजे अनेक हातांतून फिरत आलेला. सणाची खरेदी नाव विचारून करा, कपडे शिवायला टाकताना शिंप्याचे नाव विचारा, आपण आता तरी जागे होऊ, असे त्यात होते. पुढचे मी इथे उतरवत नाही. त्या एका मजकुरात ‘आपण’ आणि ‘आपल्या’ मिळून सात वेळा होते. खाली अकरा अंगठे आणि चार जोडलेले हात. मी मोजले. त्यातला एक अंगठा अशा घरातला होता, ज्या घरचे दोन ब्लाउज त्या क्षणी आमच्या दुकानात खुंटीला होते. एकाला हूक लावायचे राहिले होते.

मला या ‘आपण’बद्दल थोडे बोलू द्या.

मी ज्या बोलीतून आलो तिथे आणि हिंदीत ‘हम’ एकच आहे. ऐकणारा त्यात आहे की नाही, हे प्रसंगावरून समजून घ्यायचे. मराठीत तसे चालत नाही. चौथीत असताना मी बाईंना विचारले, “बाई, आम्ही मैदानावर जायचं का?” मला म्हणायचे होते की सगळ्यांनी मिळून, बाईंनीही. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “तू ‘आम्ही’ म्हटलंस तर मी इथेच राहिले. ‘आपण’ म्हटलंस तर मीही तुझ्याबरोबर निघाले.” एवढेच. पुढे व्याकरणात मी पुष्कळ मार खाल्ला, पण ही चूक पुन्हा केली नाही. ज्याच्याशी बोलतोय त्याला हात धरून आत घेणारा शब्द एखाद्या भाषेत असावा, याचे मला तेव्हाही अप्रूप वाटले आणि आजही वाटते. मी मराठी माझी मानतो, त्यातला मोठा वाटा त्या एका शब्दाचा आहे.

म्हणून त्या रात्री मला जे झोंबले ते नुसते अपशब्द नव्हते. गटात मी होतो. मजकूर माझ्या हातातल्या फोनवर आला होता. ऐकणारा मी होतो. तरीही त्या ‘आपण’मध्ये मी नव्हतो. आम्ही म्हटले असते तर भाषा तरी खरी राहिली असती.

रात्री साडेअकरापर्यंत मला तीन वेगळे निरोप आले. “मनावर घेऊ नकोस.” “ते काका काहीही टाकतात, वाचतही नाहीत.” “तुमच्याबद्दल नव्हतं रे ते.” या तिघांचा जिव्हाळा खरा आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पहिला निरोप ज्या काकूंचा, त्यांनी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी चार दिवस डबा पोहोचवला होता. पण गटावर सकाळपर्यंत एकही ओळ आली नाही. सकाळी टाकी साफ करणार असल्याची सूचना आली, तिच्याखाली आठ-दहा जणांनी ‘ओके’ लिहिले आणि तो मजकूर वर सरकून गेला.

ॲडमिन महोदय, माझे सगळे म्हणणे इथे आहे. मला वेगळे गाठून दिलेला दिलासा मला एकट्याला मिळतो. अंगठा देणाऱ्या अकरा जणांना तो दिसत नाही. त्यांना वाटत राहते की अख्ख्या इमारतीचे मत हेच आहे. आईच्या फोनवर गट चाळणारी आठवी-नववीतली मुलेही तेच धरून चालतात. आणि ज्या काकूंना ते पटले नव्हते, त्यांनाही वाटते की न पटणाऱ्या आपण एकट्याच. प्रत्यक्षात त्या रात्री मला लिहिणारे तीन होते. न लिहिणारे, पण मनात खंतावलेले आणखी किती असतील. ते सगळे एकमेकांपासून लपून राहिले आणि अंगठे तेवढे उघड्यावर राहिले.

शाळेच्या पुस्तकात ‘सहिष्णुता’ हा शब्द होता. बाईंनी अर्थ लिहून दिला होता: सहन करण्याची वृत्ती. मी तो पाठ केला. आता वाटते, कोणी कोणाला सहन करायचे? आमचा शेजार कोणाला जड जात असेल असे मला वाटत नाही. आई भाजी निवडताना शेजारच्या ताईंशी तास तास बोलते, वडील जुना मर्फीचा रेडिओ हळू आवाजात लावतात. यात सहन करण्यासारखे काय आहे? सोसायचे ते आम्ही सोसतो, फोन खिशात ठेवून, दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्याच माणसाला ‘गुड मॉर्निंग काका’ म्हणत.

व्यवहारात तर सहिष्णुतेसाठी मराठीत याहून रोजचा शब्द आहे: चालणे. घर शोधताना मी तो रोज ऐकला. घोडबंदर रोडपासून कोपरखैरण्यापर्यंत चार महिने हिंडलो. एजंट फोनवर गोड बोलत, माझे मराठी ऐकून ‘सर’ म्हणत, मग आडनाव विचारत आणि मग म्हणत, “आमचं काही नाही हो, पण कमिटीला चालत नाही.” एका ठिकाणी टोकनचे पैसे दिल्यावर परत आले. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी मान्य केला होता, हे मी तेव्हा वाचून काढले. पण ज्या सोसायट्यांत मी विचारत होतो, तिथे असा कुठलाच उपविधी कोणी दाखवला नाही. उलट १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातले कलम २३ खुल्या सभासदत्वाचे आहे: पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. मी तर सभासदही होणार नव्हतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करणारा भाडेकरू. त्यालाही ‘चालत नाही’ आडवे आले, आणि ते कुठे लिहिलेले नव्हते म्हणून त्याविरुद्ध कुठे जाताही येईना.

शेवटी घर दिले ते घणसोलीतल्याच एका आगरी काकांनी. आमची इमारत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी आहे. हे साडेबारा टक्के काय, ते नवी मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावे असे मला वाटते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात त्यांच्यावर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना आली. काकांच्या आजोबांचे भातखाचर गेले ते असे. मी घाबरत घाबरत नाव सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, भाडे वेळेवर येईल ना? मग खिडकीतून समोरच्या टॉवरकडे बोट करून म्हणाले, “तुमी सगलेच भायेरचे.” त्यात राग नव्हता. कोणी साताऱ्याहून आला, कोणी जळगावहून, कोणी कोट्टायमहून, कोणी मुबारकपुरातून, त्यांच्या खाचराच्या हिशोबात सगळे एकाच रांगेत होते. मला त्या रांगेत फार बरे वाटले. इतके बरे मला कधी कोणी ‘तू तसा वाटत नाहीस’ म्हटल्यावरही वाटलेले नाही. ते वाक्य तर कृपा करून कोणी म्हणू नका.

आणि हो, मी इथे शिवरायांच्या सैन्यातल्या मुसलमानांची किंवा मुसलमान संतकवींची यादी देणार नाही. शेख महंमदांबद्दल मला प्रेम आहे, शाहीर अमर शेखांबद्दल अभिमान आहे. पण माझे बिऱ्हाड त्यांच्या जामिनावर राहावे, असे मला वाटत नाही. भाडे, मेंटेनन्स आणि वागणूक, यावर राहावे.

एक फॉरवर्ड तर होता, एवढे काय त्यात, असे म्हणाल. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा, २ जून २०१४ ला, पुण्यात हडपसरला सोलापूरचा एक तरुण नमाजाहून परत येत होता. आयटी कंपनीत नोकरीला होता. फेसबुकवर कोणीतरी शिवाजी महाराजांची आणि बाळासाहेब ठाकऱ्यांची विटंबना करणारी चित्रे टाकली होती. त्या तरुणाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. त्याला दाढी होती, डोक्यावर टोपी होती. जमावाने त्याला जिवे मारले. जानेवारी २०२३ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. मी तेव्हा नुकतेच फेसबुकवर खाते उघडले होते. आईने ते बंद करायला लावले नाही, पण फोटो काढायला लावला. कितीतरी वर्षे माझ्या फोटोच्या जागी पावसातला पारसिक डोंगर होता.

आणि या आगीला जात-धर्म काही कळत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार केले. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसे होती ती. मुले पळवणारी टोळी आल्याचे मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोर आल्याच्या अफवेवरून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. दोन-चार दिवसांत त्याला फोनवर हिंदू-मुसलमान रंग चढला आणि अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, असे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना जाहीरपणे सांगावे लागले. माणसे अफवेने मेली आणि त्यांच्या मरणाचीही अफवा झाली.

आता माझ्या बाजूचेही सांगतो, नाहीतर हे पत्र अर्धे राहील. आमच्या नातेवाइकांचा एक गट आहे. मुंब्रा, भिवंडी, मुबारकपूर, काही जण आखातात. त्यावर आत्याच्या यजमानांनी एकदा एक व्हिडिओ टाकला: एका मिरवणुकीतली माणसे मशिदीवर दगड मारताहेत, ही आपल्या ठाण्यातली गोष्ट आहे, ‘हम’ कब तक सहेंगे. दुकानांच्या पाट्या पाहूनच कळत होते की ते ठाणे नाही, भारतही नाही. मी पाहिले आणि दोन दिवस गप्प बसलो. मोठे आहेत, लग्नकार्यात समोर यायचे आहे, कशाला वाईटपणा घ्या. म्हणजे काकूंनी माझ्याबाबतीत जे केले, तेच मी न पाहिलेल्या कोणाबाबतीत केले. एका चुलत भावाला मात्र खासगीत लिहिले, “फूफा कुछ भी डालते हैं.” तिसऱ्या दिवशी आईने विचारले, हे खरेच ठाण्यात झाले का, आपण बाहेर जायचे की नाही? तेव्हा मी गटावर लिहिले की हे इथले नाही, आणि का नाही तेही लिहिले. फूफा गटातून बाहेर पडले. महिनाभर फोन घेतला नाही. वडील मला काही बोलले नाहीत. त्यांनी तरुणपणी मुबारकपुरात शिया-सुन्नी तंटे पाहिलेत. दोन्हीकडे मुसलमानच होते. एवढेच म्हणाले की त्या दिवसांत सगळ्यांचे माग बंद असायचे. नंतर एका वलीम्यात, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणात, फूफा भेटले, जवळ बसवून घेतले आणि खिशातून फोन काढून विचारू लागले, हा दुसरा व्हिडिओ बघ, हा तरी खरा आहे का.

मला तुम्हाला कायद्याची भीती घालायची नाही. तशी ती घालताही येणार नाही. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले आहे की दुसऱ्या सभासदाने आक्षेपार्ह मजकूर टाकला, एवढ्यावरून ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. त्यात त्याचा सामाईक हेतू असावा लागतो. तेव्हा ॲडमिनच्या हातात माणूस घेणे आणि काढणे याखेरीज फारसे काही नव्हते. २०२२ पासून कोणाचाही मजकूर सगळ्यांच्या फोनवरून पुसायची सोय तुम्हाला मिळाली आहे. पण माझी विनंती पुसण्याची नाही. नुसते पुसले की तिथे ‘ॲडमिनने हा मजकूर हटवला’ एवढेच उरते. का हटवला, हे कोणाला कळत नाही, आणि ज्याने टाकला तो दुखावून बसतो.

तो मजकूर टाकणाऱ्या आमच्या काकांना गटातून काढूही नका. त्यांना काढले तर ते दुसऱ्या एखाद्या गटात जातील, जिथे मी नसेन, आणि तिथे हेच जास्त मोकळेपणाने चालेल. मी ज्या गटात आहे, तिथेच ते असलेले मला हवे आहेत. गेल्या पावसाळ्यात माझी दुचाकी पाण्यात बंद पडली, तेव्हा त्यांनीच ती ढकलत गेटपर्यंत आणली होती.

मागणे एवढेच आहे: जिथे आले, तिथेच उत्तर लिहा. एक ओळ पुरे. “काका, हे इथे नको. हे शेजारी या गटात आपल्यासोबत आहेत.” ॲडमिनने ही ओळ लिहिली की काकूही लिहितील, मला निरोप पाठवणारे ते दोघेही लिहितील. आधी कोणीतरी लिहायला हवे, एवढीच अडचण असते. ती माझ्याच शेवटच्या अनुभवावरून सांगतो: आमच्या नातेवाइकांच्या गटावर मी लिहिल्यावर तासाभरात सौदीतून एका मामेभावाने लिहिले की मलाही शंका आलीच होती. त्याला दोन दिवसांपासून शंका होती!

मी सोसायटीचा गट सोडलेला नाही. पाणी कधी बंद राहणार, लिफ्ट कधी दुरुस्त होणार, सगळे तिथेच कळते. दिवाळीत मुलांनी केलेल्या किल्ल्याचे फोटोही तिथेच येतात आणि त्यातला एक किल्ला करायला मी दोन रात्री माती आणून दिली होती. मी जाऊ तरी कुठे आणि का?

इथे माझे नाव आणि सोसायटीचे नाव लिहिलेले नाही. वडिलांच्या दुकानासाठी. त्या अंगठ्याच्या घरचे दोन्ही ब्लाउज त्यांनी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी दिले. ताईंनी तिथेच आरशासमोर धरून पाहिले आणि म्हणाल्या, “चाचा, तुमच्यासारखी फिटिंग कोणाचीच नाही.” वडील ते ऐकून खूश होऊन घरी आले आणि जेवताना आम्हाला दोनदा सांगितले. गटावर काय आले होते, ते मी त्यांना अजून सांगितलेले नाही. ते मराठी छान बोलतात, पण त्यांना ती वाचता येत नाही.

आज रात्री हे पत्र मी त्यांना हिंदीत वाचून दाखवणार आहे. दुपारपासून मनातल्या मनात उतरवतोय. बाकीचे जमले. ‘आपण’ तेवढा अडतो. तो मराठीतच ठेवीन आणि बाईंनी मला सांगितला होता तसा त्यांना समजावून सांगेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बी विंग, चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू
घणसोली, नवी मुंबई